लेकराचे पोट चोळण्याआधी

शाळा सुटली की लोह्याच्या कुठल्याही गल्लीत एक दृश्य हमखास दिसते. आठ-नऊ वर्षांचे एखादे पोर मोठ्या माणसाची सायकल काढून निघालेले असते. सीटवर बसले तर पाय पुरत नाहीत, म्हणून दांडीखालून पाय घालून ते कैची मारत असते. खड्डा चुकवताना हँडल गर्रकन फिरते, पोर पुढे फेकले जाते आणि हँडलची मूठ त्याच्या पोटात रुतते. पडलेले पोर क्षणभर श्वास कोंडून बसते, मग उठते, गुडघ्याची माती झटकते आणि सायकल होती तिथे नेऊन ठेवते. घरी कोणाला काही सांगत नाही. सायकल न विचारता नेलेली असते, सांगितले तर मार बसेल!

रात्री ते जेवत नाही. आई विचारते, "बाहेर काही खाल्लंस का रे?" पोर नुसती मान हलवते. आजी मायेने जवळ घेते, बेंबीभोवती कोमट तेल आणि हिंग चोळते, ओव्याचे पाणी पाजते. पहाटे उलटी होते. मग शेजारपाजारचे जमतात. "पोटाची वाटी सरकली असेल, मळून घ्या," असा सल्ला मिळतो आणि ते दुखरे पोट आणखी एकदा जोर लावून मळले जाते. दुसऱ्या दिवशी दुपारी लेकरू डॉक्टरांपुढे येते, तेव्हा पोट तट्ट फुगलेले, अंग तापलेले आणि डोळे खोल गेलेले असतात. "डॉक्टरसाहेब, काल तर चांगलं खेळत होतं हो," एवढेच आईला सांगता येते.

हे कोणा एका मुलाचे चित्र नाही. लहान मुलांवर शस्त्रक्रिया करणाऱ्या कोणत्याही डॉक्टरला ते ओळखीचे वाटेल. यात मुद्दाम चूक कोणीच केलेली नसते. आईने, आजीने, शेजाऱ्यांनी जे केले ते मायेपोटीच. पण त्यात बारा-पंधरा तास गेलेले असतात, आणि फाटलेल्या आतड्याच्या दृष्टीने हे तास फार मोठे असतात.

वाचकहो, लहान मुलांच्या पोटदुखीची बहुतेक कारणे किरकोळ असतात हे आधीच सांगून टाकतो. संडासला खडा होणे, अपचन, उन्हाळ्यात कच्च्या कैऱ्या खाणे, शाळेत जायची भीती. ही दुखणी एक-दोन दिवसांत आपोआप जातात. म्हणूनच त्यांच्या गर्दीत अवघड दुखणे लपून बसते. ते घरच्या घरी कसे ओळखावे आणि ओळखू येईपर्यंत काय करू नये, एवढाच आजचा विषय आहे.

वरून काही दिसत नाही

मोठ्या माणसाच्या बरगड्या यकृताला आणि प्लीहेला बऱ्यापैकी झाकून ठेवतात. मुलाच्या बरगड्या मऊ आणि लवचिक असतात. त्या वाकतात, पण मोडत नाहीत. त्यामुळे बरगडी शाबूत आणि तिच्या आतला अवयव मात्र फाटलेला, असे मुलांत होऊ शकते. शिवाय पोटाचे स्नायू पातळ, चरबीचा थर नावापुरता, आणि यकृत-प्लीहा शरीराच्या मानाने मोठी व बरगड्यांखाली थोडी उतरलेली. मोठ्याला जो धक्का नुसता लागला असता, तो मुलाच्या पोटात खोलवर जातो.

सायकलच्या हँडलचा मार म्हणूनच वाईट. मुठीचे टोक लहान असते, सगळा जोर एका जागी येतो. जठरापुढचे लहान आतडे आणि त्याला लागून असलेले स्वादुपिंड हे पुढून हँडल आणि मागून पाठीचा कणा यांच्यामध्ये चेचले जातात. बाहेर कातडीवर फार तर रुपयाएवढा निळा वळ उमटतो, कधी तोही नाही. आतड्याच्या भिंतीत रक्त हळूहळू साचत जाते, वाट बुजत जाते आणि उलट्या दुसऱ्या किंवा तिसऱ्या दिवशी सुरू होतात. तोवर पडल्याचे सगळे विसरलेले असतात! आतडे फाटले असेल तर आतली घाण पोटात झिरपायला आणि तिथे पू व्हायला काही तास जातात. त्या सुरुवातीच्या तासांत मूल चालते, बोलते, एखादे वेळी पाणीही पिते. पडल्यानंतर मूल बरे दिसते, यावरून आत सारे ठीक आहे असे ठरवता येत नाही.

सुरुवातीच्या सोनोग्राफीतही कधीकधी काही सापडत नाही. म्हणून डॉक्टर अशा मुलाला ठेवून घेतात, दर थोड्या वेळाने नाडी मोजतात, पोटाला हात लावून पाहतात, रक्त पुन्हा तपासतात. नातेवाईक मात्र वैतागतात. "दोन दिवस नुसतंच ठेवून घेतलं, केलं काहीच नाही," अशी तक्रार वऱ्हांड्यात हमखास ऐकू येते. हे लक्ष ठेवणे हाच अशा वेळी मुख्य उपचार असतो, आणि त्यामागे एक मोठी गोष्ट आहे. ती सांगण्याचा मोह आवरत नाही.

डाव्या बरगडीखाली प्लीहा असते. आपल्याकडचे जुने लोक तिला पानथरी म्हणत. पोटाला मार लागला की फाटणाऱ्या अवयवांत तिचा नंबर वरचा. फाटली की पोटात रक्त साचते, मूल पांढरे पडते, घाम येतो, तहान लागते आणि पुष्कळदा डावा खांदा दुखतो. खांद्याला काही लागलेले नसते, तरी दुखतो. पूर्वी यावर एकच इलाज होता. पोट उघडायचे आणि प्लीहा काढून टाकायची. ती नसली तरी माणूस जगतो, असा समज होता. १९५२ मध्ये अमेरिकेतील किंग आणि शूमाकर या डॉक्टरांनी दाखवून दिले की, प्लीहा काढलेली तान्ही मुले पुढे भयंकर जंतुसंसर्गाला बळी पडू शकतात. मग १९६८ साली कॅनडातील टोरांटो येथील मुलांच्या रुग्णालयाचा अनुभव मांडणारा एक लेख प्रसिद्ध झाला. प्लीहेला मार लागलेली कित्येक मुले शस्त्रक्रियेविना, नुसत्या विश्रांतीने आणि देखरेखीने बरी होतात, असे त्यात होते. लेखकांपैकी एक होते आपले डॉ. उपाध्याय, जे पुढे दिल्लीच्या अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेत मुलांच्या शस्त्रक्रियेचे प्राध्यापक म्हणून नावाजले गेले. दुसरे होते डॉ. सिम्पसन. सुरुवातीला पुष्कळांना हे पटले नाही. आज जगभर तीच रीत आहे. मुलाची नाडी आणि रक्तदाब स्थिर असेल तर कापाकापी नाही. अंथरुणावर विश्रांती, हाताशी जुळणारे रक्त, आणि घरी गेल्यावर काही आठवडे पळणे, झाडावर चढणे, कबड्डी सगळे बंद. यात शेवटचे काम आईबापांचे, आणि खरे तर तेच सगळ्यांत अवघड.

एक इशारा मात्र लक्षात ठेवावा. पुष्कळ रक्त जाईपर्यंत मुले रक्तदाब टिकवून धरतात आणि मग एकदम कोसळतात. रक्तदाब ठीक आहे म्हणून निश्चिंत राहू नये. मूल गप्प होत चालले असेल, हात-पाय गार पडत असतील, नाडी धावत असेल, तर थांबण्यात अर्थ नाही.

सायकलखेरीज आपल्या भागातली कारणे आपल्या मातीतलीच आहेत. चिंचेवरून, लिंबावरून पडणे. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवरून घसरणे. बैलाचे किंवा म्हशीचे शिंग लागणे. पोळ्याच्या दिवशी सजवलेला बैल गर्दीने आणि वाजंत्रीने बुजतो. मार्गशीर्षात माळेगावच्या यात्रेत तर घोडे, उंट, गाढवे, वळू असा सगळा बाजार भरतो आणि पोरे जनावरांच्या पायांत वावरत असतात. शिंगाने पोट फाडून आतडे बाहेर आले तर ते आत ढकलायचा प्रयत्न कोणीही करू नये. त्यावर हळद, चुना, माती, काहीही टाकू नये. स्वच्छ धुतलेले सुती कापड उकळून गार केलेल्या पाण्यात, ते नसेल तर पिण्याच्या स्वच्छ पाण्यात भिजवून वरून अलगद झाकावे, मुलाला उताणे निजवून गुडघे दुमडून ठेवावेत आणि तसेच न्यावे. तोंडाने पाणीही देऊ नये. कितीही मागितले तरी फक्त ओठ ओले करावेत. शस्त्रक्रियेसाठी भूल देताना पोट रिकामे असलेले बरे असते.

आणखी एक कारण लिहावे की नाही, असा विचार मनात आला, पण लिहितो. काही वेळा पोटावरचा मार सायकलचा किंवा बैलाचा नसतो, माणसाचा असतो. रागाच्या भरात घातलेली लाथ, दारूच्या नशेतला गुद्दा. अशा वेळी 'पायरीवरून पडला' असे सांगितले जाते. डॉक्टर तुम्हाला कोर्टात उभे करण्यासाठी विचारत नसतो. मार कशाचा, किती वाजता आणि पोटाच्या कुठल्या भागावर, हे खरे कळले तर तपासाची दिशा बदलते आणि मूल वाचू शकते. मुलालाही हेच समजावून ठेवले पाहिजे, की पडलास तर सांग, सायकलचे काही होवो, मारणार नाही. असे सांगणारे आईबाप ज्या घरात आहेत, त्या घरातले मूल संध्याकाळीच दवाखान्यात पोहोचते.

रडण्याची लय

आता मार न लागताही होणाऱ्या आतड्याच्या दुखण्यांकडे वळू. त्यांतले एक असे आहे की जे पाच-सहा महिन्यांच्या गुटगुटीत बाळाला होते आणि ज्याची ओळख आईलाच आधी पटू शकते. आतड्याचा एक भाग पुढच्या भागात शिरतो. दुर्बिणीची एक नळी दुसऱ्या नळीत सरकते तसा. शिरलेल्या भागाचा रक्तपुरवठा आवळला जातो. वेळीच सुटला नाही तर तो भाग मरतो आणि फाटतो.

याचे रडणे वेगळे असते. बाळ एकाएकी किंचाळते, पाय पोटाशी ओढून घेते, पांढरे पडते. दोन-चार मिनिटांनी थांबते आणि जणू काही झालेच नाही असे शांत होते, कधी झोपतेही. दहा-पंधरा मिनिटांनी पुन्हा तेच. घड्याळ लावल्यासारखी ही लय असते. मध्येच उलटी होते. कळा जसजशा वाढतात तसे बाळ दोन कळांच्या मध्येही मलूल पडून राहू लागते. शेवटी लंगोटात रक्त आणि शेंबडासारखा चिकट पदार्थ दिसतो.

आणि इथे घात होतो. रक्त आणि शेंबूड दिसला की 'रक्ती आव पडली' असे ठरते. आवेचे औषध सुरू होते, आणि दोन दिवस त्यात जातात. फरक साधा आहे. आवेत बाळ दिवसातून दहा-पंधरा वेळा संडास करते, पुष्कळदा तापही असतो. आतडे शिरले असेल तेव्हा संडास फार होत नाही. एक-दोनदाच होते, तीही रक्ताची, आणि कळा मात्र लयीत येतात. ही लय डॉक्टरांना सांगा. मोबाइलवर बाळाच्या रडण्याचे चित्रण करून दाखवले तरी चालते. एरवी मोबाइलला आपण नावे ठेवतो, पण या कामी तो उपयोगी आहे.

लवकर आणले तर हे दुखणे बहुधा न कापता बरे होते. सोनोग्राफी किंवा क्ष-किरणांच्या देखरेखीखाली गुदद्वारातून पाणी किंवा हवा बेताच्या दाबाने सोडतात, आणि शिरलेले आतडे मागे सरकते. दहापैकी साधारण आठ बाळांत हे साधते. उशीर झाला, आतडे मेले, पोट फुगले, की मग हा मार्ग बंद होतो आणि शस्त्रक्रिया करावीच लागते. म्हणजे शस्त्रक्रियेची भीती वाटून जे घरी थांबतात, त्यांच्याच बाळावर शस्त्रक्रियेची पाळी येते.

जाता जाता एका शंकेचे उत्तर. जुलाब टाळण्यासाठीच्या रोटाव्हायरस लसीने आतड्यात आतडे शिरते, असे काही पालकांच्या कानावर आलेले असते. यात तथ्याचा अंश आहे. अमेरिकेत १९९८ साली आलेली एक लस याच कारणाने १९९९ मध्ये बाजारातून काढून घेतली गेली. त्यानंतर आलेल्या लसी वेगळ्या आहेत. त्यांचा असा धोका असलाच तर अत्यल्प आहे, आणि जुलाबाने दगावणारी बाळे त्या वाचवतात. महाराष्ट्रात ही लस २०१९ पासून सरकारी लसीकरणात आहे. ती ठरल्या वयातच द्यावी, चुकवू नये. लसीनंतरच्या आठवडाभरात वर सांगितलेल्या कळा आल्या तर मात्र लगेच दाखवावे.

हिरवी उलटी आणि न झालेली शी

नवजात बाळाची दुधाची उलटी किंवा गुळणी सगळ्यांच्या परिचयाची आहे. तिला घाबरायचे कारण नाही. पण उलटीचा रंग हिरवा असेल, म्हणजे पालेभाजीच्या पाण्यासारखा, तर ती उलटी वेगळी. हिरवा रंग पित्ताचा असतो. पित्त आतड्यात उतरते ती जागा ओलांडून पुढे कुठेतरी वाट बंद आहे, असा त्याचा अर्थ. जन्मतः आतडे नीट बसलेले नसेल तर ते स्वतःभोवती पीळ घेते आणि काही तासांत पुरे आतडे काळे पडू शकते. दात येत आहेत, दृष्ट लागली, आईने काही बाधणारे खाल्ले, या कुठल्याही कारणाने हिरवी उलटी होत नाही. दिवस-रात्र न पाहता बाळाला न्यावे. या लेखातले बाकी सगळे विसरले तरी हा रंग विसरू नये.

दुसरी गोष्ट पहिल्या शीची. जन्मलेले बाळ पहिल्या चोवीस तासांत काळपट, चिकट शी करते. अठ्ठेचाळीस तास उलटले तरी ती झाली नाही, पोट फुगू लागले, तर आतड्याच्या शेवटच्या भागात मज्जापेशीच नसण्याचा आजार असू शकतो. कोपनहेगनचे बालरोगतज्ज्ञ हेराल्ड हिर्शस्प्रुंग यांनी १८८६ मध्ये बर्लिन येथील परिषदेत त्याचे वर्णन केले, म्हणून आजाराला त्यांचेच नाव आहे. गंमत अशी की, आतड्यात आतडे शिरण्यावर पाणी सोडण्याचा इलाज पुढे आणणाऱ्यांतही हेच गृहस्थ होते. आजार त्यांनी ओळखला, पण त्यावरची शस्त्रक्रिया यायला १९४८ साल उजाडले. ती बोस्टनच्या स्वेन्सन यांनी आणली. साधारण पाच हजार जन्मांत एका बाळाला हा आजार असतो. घरात मात्र तो 'जन्मापासूनच बद्धकोष्ठ आहे हो याला' या वाक्याखाली वर्षानुवर्षे दडून राहतो. मूल हडकुळे, पोट मडक्यासारखे, आणि आठवड्यातून एकदा साबणाची कांडी घालून शी करवायची. अशी मुले अजून खेड्यांतून दिसतात. शाळा-अंगणवाडीत तपासणीसाठी येणाऱ्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकाला हे मुद्दाम सांगावे. हा कार्यक्रम २०१३ साली आपल्याच राज्यातून, पालघरहून सुरू झाला. जन्मजात दोषांवरील शस्त्रक्रियेची सोय त्यातून लावून दिली जाते.

अंतर्गळाबद्दल दोनच शब्द. मुलाच्या जांघेत रडताना फुगणारी आणि निजल्यावर जाणारी गाठ असेल तर शस्त्रक्रियेची तारीख ठरवून घ्यावी. ती एके दिवशी आत गेलीच नाही, कडक झाली, दुखू लागली आणि उलटी झाली, तर त्याच दिवशी पळावे. बेंबीचा अंतर्गळ बहुधा वाढत्या वयात आपोआप मिटतो. त्यावर नाणे बांधून ठेवण्याची गरज नाही.

अपेंडिक्सचे दुखणे सर्वांना नावाने ठाऊक आहे, पण लहान मुलांत ते फसवते. दुखणे बेंबीपाशी सुरू होते, मग उजवीकडे खाली सरकते. भूक मरते, उलटी होते, बारीक ताप येतो. मूल वाकून चालते, उडी मारायला सांगितले तर मारत नाही. पाच वर्षांच्या आतले मूल मात्र कुठे दुखते ते सांगूच शकत नाही, त्यामुळे त्या वयात ते फुटल्यावरच कळते असे पुष्कळदा होते. अशा पोटावर एरंडेल पाजणे म्हणजे आगीत तेल. 'पोट साफ झालं की दुखणं जाईल' हा आपला लाडका सिद्धांत इथे घातक ठरतो. इतिहासात नोंदलेली अपेंडिक्सची पहिली शस्त्रक्रिया लंडनमध्ये १७३५ साली अकरा वर्षांच्या मुलावरच झाली होती. त्याने गिळलेली टाचणी अपेंडिक्समध्ये अडकली होती, आणि भूल नावाची चीज तेव्हा नव्हती. तो मुलगा वाचला.

जंतांचे औषध वर्षातून दोनदा शाळा-अंगणवाडीत मिळते, ते जरूर द्यावे. पण मूल कळांनी तळमळत असताना, उलट्या होत असताना आणि पोट फुगले असताना घरच्या घरी जंताचे औषध देऊ नये. जंतांचा गोळा आतड्यात अडकलेला असेल तर ते अंगाशी येते. तसेच खेळण्यातली चपटी बटनाची बॅटरी गिळली असेल तर केळी खाऊ घालून 'बाहेर पडेल' म्हणून वाट पाहू नये. अन्ननलिकेत अडकलेली बॅटरी दोन तासांत भाजून काढते. दोन लोहचुंबक गिळले तर ते आतड्याच्या दोन वेढ्यांना मध्ये धरून एकमेकांना चिकटतात आणि आतड्याला भोक पाडतात. साधे नाणे पोटात पोहोचले असेल तर बहुधा निघून जाते, पण ते पोहोचले आहे की घशाशीच आहे, हे एक्स-रे सांगतो.

डाग

फेब्रुवारी २०२५ मध्ये मेळघाटातून आलेली बातमी वाचकांना आठवत असेल. चिखलदरा तालुक्यातल्या अवघ्या बावीस दिवसांच्या बाळाच्या पोटावर तापलेल्या विळ्याचे पासष्ट चटके देण्यात आले होते. तिकडे या प्रकाराला 'डंबा' म्हणतात. बाळाचे पोट फुगले की तो देतात.

मेळघाट लांब आहे, आदिवासी भाग आहे, असे म्हणून आपल्याला मोकळे होता येत नाही. आपल्याकडे विळ्याच्या जागी बिब्बा असतो, तापवलेली सुई असते. साठी उलटलेल्या कित्येक माणसांच्या पोटावर जुन्या डागांचे वण पाहायला मिळतात. आणि ही माणसे सांगतात, "मला डाग दिला होता, म्हणून तर वाचलो."

या वाक्याला हसू नये, ते समजून घ्यावे. आतड्याची कळ लाटेसारखी येते आणि जाते, हे वर पाहिले. कळ शिगेला असताना डाग दिला की थोड्या वेळात ती ओसरणारच. डाग दिला नसता तरी ओसरली असती. बाळांची पोटफुगी बहुतेक वेळा नुसत्या वाताची असते, तीही जाणारच. म्हणजे बरे झालेल्या सगळ्या लेकरांचे श्रेय डागाला मिळते, आणि ज्याच्या आतड्याला खरोखर पीळ पडला होता ते लेकरू गेले की 'त्याचं तेवढंच आयुष्य होतं' म्हणतात. अशा हिशोबात डाग कधी हरतच नाही! पोट मळणाऱ्याचा नावलौकिकही याच रीतीने वाढतो. वरून भाजलेल्या कातडीतून जंतू शिरतात, बाळ वेदनेने दूध तोडते आणि मूळ आजाराचे तास निघून जातात ते वेगळेच.

ज्या घरात आईबाप ऊसतोडीला गेलेले आहेत आणि लेकरू आजीपाशी आहे, तिथे रात्री अकरा वाजता आजीने काय करावे, हाही प्रश्न आहे. तिला नावे ठेवून तो सुटणार नाही. गावातली आशाताई, अंगणवाडीताई यांचे फोन नंबर भिंतीवर ठळक लिहून ठेवलेले असावेत. १०८ या क्रमांकाची रुग्णवाहिका २०१४ पासून राज्यात आहे, तिला पैसे लागत नाहीत. आणि आईबापांनी निघतानाच आजीला सांगून ठेवावे, की लेकराला दवाखान्यात न्यायला आमच्या फोनची वाट पाहू नको.

निघताना

मग न्यायचे कधी? मार लागल्यानंतर दुखणे कमी न होता वाढत असेल. पोट हात लावू देत नसेल किंवा लाकडासारखे कडक लागत असेल. उलटी हिरवी किंवा रक्ताची असेल. पोट फुगले आहे आणि ना वारा सरत आहे ना संडास होत आहे. लघवीत रक्त आहे, कारण पाठीला-कुशीला मार लागला तर मूत्रपिंडही दुखावते. किंवा यांतले काहीच स्पष्ट नाही, पण नेहमी धिंगाणा घालणारे पोर कोपऱ्यात गुपचूप पडून आहे. आईला जे 'बरं वाटत नाही' असे वाटते, त्याला डॉक्टरांच्या लेखी किंमत असते, आणि नसेल तर असायला हवी.

माळाकोळी किंवा कापशीच्या माणसाने आधी लोह्याच्या सरकारी रुग्णालयात यावे. तिथे सलाईन लावून, नाकातून नळी घालून, चिठ्ठी देऊन पुढे पाठवले तर वाटेत मूल टिकते. "इथं काही होत नाही, सरळ नांदेडला जाऊ" म्हणून मोटारसायकलवर दोघांच्या मध्ये लेकरू बसवून नेणे बरे नव्हे. सोनखेडवरून जाताना नांदेड शहर लागण्याआधीच विष्णुपुरीचे डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचे रुग्णालय लागते. अहमदपूरकडच्या लोकांना लातूरचे विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्थेचे रुग्णालय सोयीचे पडते. खर्चाच्या भीतीने थांबू नये. २०१२ साली राजीव गांधी जीवनदायी योजना सुरू झाली, तेव्हा पहिल्या आठ जिल्ह्यांत नांदेड होते. तीच आता महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना म्हणून चालते. शिधापत्रिका आणि आधार कार्ड घरात एका ठरावीक पिशवीत ठेवलेले असावे, म्हणजे मध्यरात्री पेटी उपसावी लागत नाही.

डॉक्टर विचारतील ते वाटेतच आठवून ठेवा. केव्हा पडला, कशावर पडला, शेवटचे काय आणि किती वाजता खाल्ले, शेवटची लघवी कधी झाली, घरी काय काय पाजले, पोट मळले का, डाग दिला का. शेवटच्या दोन प्रश्नांची उत्तरे लाजेने लपवली जातात. ती लपवू नयेत. आणि बाळाने ज्यावर हिरवी उलटी केली किंवा रक्ताची शी केली, तो कपडा धुऊन टाकू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून सोबत आणा. डॉक्टरांना त्याची किळस येणार नाही.